शमिकाची झोप

कानडी मुलखात, बनशंकरीतल्या घरी एका रात्री वीज गेली, तेव्हा पद्माकरकाकांनी भाचरांना हे सांगितलं.

आपल्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची ना, ती शमिका. पुण्याची. इथल्या सरकारी विद्यापीठात मेंदू आणि मन या विषयात पीएचडी करत होती. अभ्यास झोपेचा. लोक यायचे, डोक्याला तारांची टोपी घालून प्रयोगशाळेत झोपायचे, आणि ही शेजारच्या खोलीतून, काचेआडून, रात्रभर त्यांच्याकडे बघत बसायची. दोन वर्षं. दुसऱ्यांची झोप मोजता मोजता पोरीची स्वतःची उडाली. चहाला हाक मारली, तर आत यायचं त्राण नसल्यासारखी पायरीवरच बसून राहायची.

चोवीस सालची गोष्ट. चौदा नोव्हेंबर, गुरुवार. मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र नुकतंच दुरुस्त होऊन आलं होतं. तिचे गाईड सर म्हणाले, "उद्या दहाच्या आत एका रात्रीचं रेकॉर्डिंग दाखव. नाहीतर हे सत्र गेलं समज." आणि झोपायला येणार होता त्या मुलाचा रात्री साडेदहाला फोन, ताप आलाय म्हणून.

विभागाच्या इमारतीत खाली वॉचमन बसवंत होता. तो म्हणाला, "अक्का, घरी जावा. तोंड बघा किती उतरलंय."

"घरी तरी कुठे झोप येते, अण्णा? मीच टोपी घालते अन् पडते."

"एकट्याच?"

"झोपायला सोबत कशाला लागते?"

वर जाऊन तिनं प्रयोगशाळेच्या बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावलं. किल्ली उशीखाली ठेवली. यंत्र सुरू केलं, टोपी चढवली, आडवी झाली. बारा वाजून दहा मिनिटं.

केव्हातरी जाग आली. उशाशी भिंतीवर स्पीकर होता, काचेपलीकडून बोलण्यासाठीचा. तो... टक् वाजला. पलीकडे कुणी बटण दाबलं की वाजतो, तसा.

"कोण? ...बसवंतअण्णा?"

काही नाही. नुसती खरखर.

मग तीही नाही...

उठायला हवं होतं. दिवा लावायला हवा होता. अंग उचलेना. मला म्हणाली, "काका, भीती वाटली हो. पण थकवा भीतीपेक्षा मोठा होता." तिनं काचेकडे पाठ केली. झोपली.

सहाला उठली. कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. कुलूप जागच्या जागी. किल्लीही. पलीकडच्या खोलीत जाऊन तिनं रेकॉर्डिंग पाहिलं. रेषा छान आल्या होत्या. मागे सरकवत गेली... तीन वाजून पाचवर हात थांबला. सगळ्या रेषा सपाट. चार मिनिटं.

तिला वाटलं, तार निसटली असेल.

मग टेबलावर कागद दिसला. झोपणाऱ्यावर नजर ठेवणारा माणूस भरतो, तो तक्ता. तिनं काढलेला नव्हता. भरलेला होता. मराठीत. त्या अख्ख्या विभागात मराठी येणारी ती एकटी.

मी पाहिलाय तो कागद. बारीक अक्षर. कुठे घाई नाही.

१२.३५ झोपली.

१.५० आईला हाक मारली.

२.४० जाग. पाठ फिरवली.

३.०५ श्वास थांबला.

३.०९ सुरू केला.