समुद्रावरून आणलेली रुई

ही घटना खरी आहे. मागच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातली, रिसोडची. ज्याच्या घरात घडली तो तनवीर माझा मावसभाऊ.

यात अमावस्या नाही, स्मशान नाही. जे झालं ते बरंचसं भर उन्हात झालं.

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी त्या घरची पोरगी खोकताना पाहिली आहे.

तनवीरचं गाद्यांचं दुकान आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. रुई पिंजायची, गादी भरायची, टाके घालायचे. थंडी पडली की मान वर करायला फुरसत नसते, म्हणून त्याआधी दोन दिवस समुद्र पाहून येऊ, असं त्याची बायको उजमा म्हणाली. त्यांच्या सात वर्षांच्या लायबानं समुद्र फक्त मोबाइलवर पाहिला होता. तनवीरचे अब्बा, हबीबचाचा, दुकान सांभाळायला मागे राहिले.

गाद्या पोचवायच्या व्हॅनमधूनच तिघं गेले. श्रीवर्धनच्या पुढचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांची पोटं पाहुण्यांवर चालतात.

दोन दिवस मजेत गेले. लायबा पाण्यातून निघायला तयार नव्हती.

निघायच्या सकाळी तनवीरला किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली एक गादी दिसली.

फेकलेली.

दुसरा कोणी असता तर पुढे गेला असता. पण गादीवाल्याची खोड जाते का? त्याने खोळ उसवून आत हात घातला. जुनी, देशी, लांब धाग्याची रुई. आजकाल शोधून सापडत नाही अशी.

"कोनाची हाये ते इचारा तं खरं," उजमा म्हणाली.

"कोनाले इचारू? फेकूनच देल्ली हाये."

खोळ तिथेच राहिली. रुई पोत्यांत भरून व्हॅनमध्ये गेली.

या धंद्यात एक दंडक आहे. ज्या गादीवर माणूस मेला, तिची रुई दुसऱ्या रुईत मिसळायची नाही. वेगळी पिंजायची, सगळ्यांत शेवटी, आणि ज्या घरची त्याच घरी परत द्यायची. रिसोडात हे सोपं आहे. कोणाच्या घरी कोण गेलं, हे तनवीरला दुकानात बसल्या बसल्या कळतं.

समुद्रावर तो कोणालाच ओळखत नव्हता.

घरी आल्यावर त्याने ती रुई आपल्या रुईत मिसळून मशीनवर पिंजली. खालून वाळू पडली. झाडून काढली. पुन्हा पडली...

दोन गाद्या भरल्या. एक लायबासाठी. दुसरी जवळच्या शिरपूरच्या उकंडरावांच्या लेकीसाठी, रुचिकासाठी, लग्नात द्यायची. लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच होतं.

लायबाची गादी पहिल्याच दिवशी ओली निघाली.

पोरीनं ओली केली म्हणून उजमाने तिला दोन शब्द सुनावले आणि गादी गच्चीवर टाकली. ऊन असं, की पाय ठेववत नव्हता. दुपारी तिने गादीवर हात फिरवला. कडा तापलेल्या. मधोमध मात्र गार.

ओल लायबाएवढी नव्हती.

चांगल्या उंच माणसाएवढी होती.

"खाऱ्या हवेतली रुई हाये, ओल धरनारच," तनवीर म्हणाला. उजमाला पटलं नाही, पण संध्याकाळी तिने तीच गादी पुन्हा लायबाला घातली.

मग लायबा रोज सकाळी फरशीवर सापडायला लागली. गादीवर कोणी नाही. पोरगी खाली, भिंतीला टेकून.

"खाली काहून झोपली?"

"मले ढकलते ना अम्मी."

"कोन ढकलते?"

"ज्याची जागा हाये तो."

उजमाने तिला रात्री आपल्याजवळ झोपायला घेतलं. काही उपयोग झाला नाही. सकाळी लायबा पुन्हा त्याच गादीशेजारी फरशीवर, आणि आता अंगात ताप.

मग खोकला सुरू झाला. साधा नव्हता. पोरगी खोकायची आणि तोंडातून पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय. औषधं दिली. एकदा उजमाने पदराने तिचं तोंड पुसलं, आणि नकळत तो पदर आपल्या ओठांना लागला.

खारट.

तिने तनवीरला दुकानातून ओढत आणलं. "तुमी झोपा तिथं. आता. माह्यासमोर."

जुम्याची दुपार होती. नमाज पढून तो नुकताच आला होता. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. तनवीर कुशीवर आडवा झाला.

थोडा वेळ काहीच नाही...

मग पाठीमागे गादी दबली.

कोणीतरी बसलं. मग आडवं झालं. शर्ट पाठीला ओला चिकटला.

दोन गार हात पाठीवर टेकले... आणि इतक्या जोरात रेटा आला, की तो समोरच्या भिंतीवर आपटला.

उजमा दारात उभी होती. तिला फक्त तनवीरच दिसला. पण गादी दबलेलीच राहिली होती.

हबीबचाचांनी सगळं ऐकून एकच विचारलं. "तुनं इचारलं होतं का, कोनाची हाये?"

"नाई इचारलं," तनवीर म्हणाला.

"जिथून उचलली तिथं नेऊन ठेव. आताच्या आता."

तो त्याच पावली निघाला. सुरूच्या झाडांखाली ती जुनी खोळ जशीच्या तशी पडली होती. इतक्या दिवसांत कोणी हात लावला नव्हता. त्याने गादी तिथे ठेवली. जवळच्या टपरीवरच्या बाईला विचारलं, ही कोणाची होती. बाईने गादीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि टपरीचं फळकूट खाली ओढलं.

तो परत आला तेव्हा लायबा पलंगावर बसून वरणभात खात होती. खोकला नाही, ताप नाही. तनवीर म्हणतो, तसा तो जन्मात रडला नव्हता.

त्याचं रडणं संपल्यावर हबीबचाचा म्हणाले, "बाकीची रुई कुठी हाये?"

रुचिकाचं लग्न होऊन गेलं होतं.

तनवीर शिरपूरला गेला. उकंडरावांना खरं कसं सांगणार? नव्या नवरीच्या नावाने सासरी उगाच बोभाटा. तो म्हणाला, रुई खराब निघाली, गादी बदलून देतो.

"लेकीले देल्लेली गादी वापस आनत्यात का भाऊ?" उकंडराव हसले. "अन् घाई कायची? जावई पुन्याले कामावर गेले. होळीपर्यंत येत नाईत. पोरगी सासूपाशी हाये. थांबा, तिलेच इचारतो."

फोन लावला. स्पीकरवर टाकला आणि गादीचं विचारलं.

"गादी कायले बदलता काका?" रुचिका म्हणाली. "चांगली हाये. जराशी ओली राह्यते, बस."

मग तिचा आवाज खाली आला. लाजल्यासारखा.

"अन् बाबा... तुमच्या जावयाले सांगा ना. घरी आले की आधी आईले भेटत जा म्हना. पहाटे गुपचूप येतात, बाजूले निजतात, अन् उजाडायच्या आत निंगून जातात. बोलत बी नाईत माह्याशी. अंग किती गार पडलं त्यायचं, बाबा..."

उकंडरावांच्या हातातला फोन खाली आला.

पुढे काय झालं ते सांगतो. ते दोघं तसेच निघाले, पोरीला घेऊन आले, ती गादीही समुद्रावर गेली. रुचिकाला आता खोकला आहे. डॉक्टर म्हणतात, बरी होईल. ती मात्र अजूनही पलंगाच्या काठावर झोपते आणि बाजूला जागा सोडते. आईने सरकवलं तर चिडते.

हे सगळं कशामुळे, मला माहीत नाही. तनवीरलाही नाही.

पण एक गोष्ट त्याने फक्त मला सांगितली आहे. फोनवर रुचिकाचं ते बोलणं ऐकलं, तेव्हा त्याला आधी भीती वाटली नाही.

हायसं वाटलं.

आता ते आपल्या पोरीजवळ नाही म्हणून.