गुडघ्याच्या तेलाची बाई

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. खालच्या विजयमालाबाईंनी नाही, सख्ख्या दिरानं नाही, चौकीतल्या हवालदारानं तर नाहीच. मी चौथी शिकलेय, म्हणजे माझे डोळेही चौथीतच राहिलेत असं यांना वाटतं.

माझी अक्षता यंदा बी.ए. झाली. घरी बसून जाहिराती लिहायची. एका गुडघ्याच्या तेलासाठी गिऱ्हाइकांचे 'अनुभव' लिहायचं काम आलं होतं. गिऱ्हाइकं सगळी हिनंच मनानं रचलेली, नावासकट. तेलाची बाटलीसुद्धा घरात कधी आली नाही.

"आई, ही शालन महिपती खळदकर काही काळजाला भिडत नाहीये गं. क्लायंट म्हणतोय, इमोशन कमी आहे."

मी मेथी निवडत होते. म्हटलं, "मग लिही, एकुलती एक मुलगी हरवलीय. गुडघ्यांमुळं शोधायला जाता येत नव्हतं. आता तीन-तीन जिने चढते आणि घरोघर विचारते."

"आई, तूच घे की हे काम!" अक्षता हसली आणि लिहून मोकळी झाली.

जाहिरात मोबाइलवर आली. चौथ्या दिवशी भर दुपारी, आळीतली तांबटांची ठोकठोक जेवणापुरती थांबलेली, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर येणारा माणूस दोनदा तरी दम खातो. ही पावलं थांबली नाहीत. एकसारखी... वर... वर. मग दाराच्या फटीतून कापराचा आणि कढवलेल्या तेलाचा वास आत आला.

दार उघडलं. माझ्याच वयाची बाई. कोरी साडी, तोंडावर फोटोतलं हसू. ते हलतच नव्हतं.

"मुलगी आहे का आत?"

"कोणाची?"

"माझी..."

"अहो, घर चुकलात. इथं माझी मुलगी राहते."

"तुम्हीच तर सांगितलंत... घरोघर विचार म्हणून..."

दोन्ही हात चौकटीला लावून मी उभी राहिले. तेवढ्यात आतून अक्षताचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा. "आले गं आई!"

ती हाक मला नव्हती. आईला कळतं ते.

दार धाडकन लावलं, कडी घातली, आत धावले. खुर्ची रिकामी. चपला जागच्या जागी. खिडकीला गज. आणि जिन्यावरून उतरणारी पावलं... दोघींची.

खाली पळत गेले. आळीत कोणी नाही.

"गेली असेल हो कोणाबरोबर," विजयमालाबाई म्हणाल्या. एरवी आमच्याकडं कसली फोडणी पडली ते यांना दार लावूनही कळतं. त्या दिवशी दारावरून एवढा वास गेला, तर नाक चोंदलं होतं म्हणे!

आज अकरावा दिवस. हवालदाराला मोबाइलवर ती जाहिरात दाखवली. शेवटी एक ओळ वाढली होती. कंपनीवाले म्हणतात, आम्ही नाही घातली. 'मुलगी सापडली. आता तीही रोज हेच तेल लावते.'

"मावशी, जाहिरात राहू द्या. संशय कोणावर आहे तेवढं सांगा."

मी त्या ओळीखालचं नाव एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

"लिहा. शालन महिपती खळदकर."