थारोळ्यावरचा फोन

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, माझ्या मावशीला त्याचं काही देणंघेणं नाही.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मात्र जरूर वाचावी. ही भर दुपारची गोष्ट आहे.

साल १९९९. वैशाखातले दिवस. मिरजगावपासून आत, माळावरचं एक लहानसं गाव. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथंच नांदतात.

माझी सख्खी मावशी ज्ञानेश्वरी तेव्हा जेमतेम विशीची. बिजवराला दिलेली. नवऱ्याची पहिली बायको पुष्पावती, माळावरच्या जुन्या विहिरीत पडून गेली होती. पाय घसरला म्हणे. रोज त्याच विहिरीवर पाण्याला जाणाऱ्या बाईचा पाय एके दिवशी एकाएकी घसरला, आणि गावात कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही.

त्या घरात चुलीपाशी बाभळीचं एक लाकूड वेगळं ठेवलेलं असायचं. ते जाळायचं नाही, अशी सासूची, बनुबाईची, सक्त ताकीद होती.

मावशीला आधी कळलं नाही, का जाळायचं नाही ते.

पहिल्या महिन्यातच कळलं.

मग तिची झोप उडाली. रात्र रात्र आढ्याकडं बघत पडायची. दिवसा हातातलं भांडं गळून पडायचं, आणि त्यासाठी पुन्हा लाकूड.

त्याच सुमारास गावात फोन आला.

नगरची एक संस्था बायकांच्या मनाच्या दुखण्यावर काम करायची. तिथल्या यशोधराताई दर बुधवारी एसटीनं यायच्या, पिशवीत मोबाईल घेऊन. विटेएवढा काळा डबा, वर ओढून काढायची काडी. ज्या बाईला झोप नाही, जीव नकोसा झालाय, तिनं तो कानाला लावायचा आणि नगरला बसलेल्या माधुरीताईंशी मनातलं बोलायचं.

"ह्या डब्यात बसून ती बाई जेवती कवा?" एका म्हातारीनं विचारलं, तेव्हा सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. पुढच्या बुधवारी तीच म्हातारी फोन कानाला लावून ढसाढसा रडली.

अडचण एकच होती. रेंज फक्त एका जागी यायची...

त्या जुन्या विहिरीच्या थारोळ्यावर. पूर्वी मोटेचं पाणी ज्या उंच दगडी हौदात पडायचं, तिथं.

यशोधराताई बाहेरच्या, त्यांना काय माहीत. गावच्या बायकांना माहीत होतं. पण बोलायची भूक एवढी होती की त्या तिथंही चढू लागल्या. ताई नंबर लावून द्यायच्या आणि लांब लिंबाखाली पाठ करून बसायच्या. बाईचं बोलणं तिचं तिच्यापाशी राहावं म्हणून.

मावशी पहिल्यांदा गेली तेव्हा माधुरीताईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मी इथून काहीतरी करू शकेन. पण त्यांचं नाव लागेल मला. नाव सांगता का?"

मावशीनं नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. लग्न देवळात घाईनं उरकलेलं, उखाणासुद्धा झाला नव्हता. "मालकाचं नाव आमी घेत न्हाई," एवढं म्हणून तिनं फोन परत दिला.

पुढच्या बुधवारी ती पुन्हा थारोळ्यावर उभी राहिली. ऊन डोक्यावर. माळावर चिटपाखरू नाही. ताईंनी नंबर लावून द्यायची वाट न बघता तिनं त्यांच्या पिशवीतला फोन स्वतःच वर आणला होता. तो कानाला लावला...

पलीकडं पाणी ठिबकत होतं.

टप्... टप्...

"झोप लागती का गं?" बाईचा आवाज. माधुरीताईंचा नव्हता. हा आपल्याकडचाच होता.

"न्हाई," मावशी म्हणाली.

"मलाबी न्हाई लागत."

मग बराच वेळ नुसतं पाणी.

"ते बाभळीचं लाकूड हाय का अजून चुलीपाशी?"

लाकडाचं मावशीनं कुणालाही सांगितलं नव्हतं. माधुरीताईंनासुद्धा नाही.

"कोन बोलतंय?"

"त्याचं नाव सांग."

"मी घेत न्हाई..."

"मीबी घेतलं न्हाई कदी," आवाज म्हणाला. "मरताना सुदिक न्हाई. तू घे."

फोन बंद.

यशोधराताई धापा टाकत वर आल्या. "अहो ज्ञानेश्वरीताई, मी हाका मारतेय खालून. बॅटरी गाडीतच उतरलीय, फोन चालूच होत नाही. बोलताय कुणाशी?"

मावशीनं डब्याकडं पाहिलं. काच काळीठिक्कर होती.

ती घरी आली आणि तिनं न राहवून सासूला विचारलं, "आत्याबाई, आधीच्या बाई कशा हुत्या?"

बनुबाईच्या हातची भाकरी तव्यावरच करपली. संध्याकाळी ती लेकाच्या कानाला लागली. सून थारोळ्यावर जाती, डब्यात घरचं सांगती, म्हणाली.

त्या संध्याकाळी मावशीचा डावा हात मनगटात मोडला.

नवरा दम खाऊन तिच्याशेजारी बसला आणि अगदी शांतपणे बोलला. "परत तिथं दिसलीस तर त्याच हिरीत घालीन. पयलीला घातली तशी."

बनुबाई पलीकडं तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मावशी सांगते, माराचा राग विसरता येतो, त्या तांदळाचा येत नाही.

आता मावशीपुढं एकच प्रश्न होता. आपण ह्या घरातून जिवंत बाहेर पडणार का?

बुधवार उजाडला. जेवून नवरा ओसरीवर घोरायला लागला, बनुबाईचाही डोळा लागला. मावशी मोडका हात पदरात बांधून अनवाणी निघाली. पाय भाजत होते. तिनं मागं पाहिलं नाही.

यशोधराताईंनी हात पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "आधी माधुरीताईंशी बोला. मग इथून सरळ माझ्याबरोबर दवाखान्यात आणि तिथून चौकीत. घरी जायचं नाही." त्यांनी नंबर लावला. आज बॅटरी भरलेली होती, काच हिरवी पेटली होती. फोन मावशीच्या हातात देऊन त्या लिंबाखाली पाठ करून बसल्या.

घंटी वाजली. एकदा. दोनदा.

कुणीतरी उचलला...

टप्... टप्...

"सांग," आवाज म्हणाला.

मावशीनं खाली पाहिलं. माळाच्या उतारावरून नवरा येत होता. हातात तेच लाकूड.

तिला भीती वाटली नाही. राग आला. स्वतःसाठी आला, आणि जिला तिनं कधी पाहिलंही नव्हतं त्या पुष्पावतीसाठी जास्त आला. त्या रागाच्या भरातच तिनं तोंड उघडलं.

"बन्सी," ती म्हणाली. "बन्सी हाय त्याचं नाव."

फोनमधलं पाणी ठिबकायचं थांबलं.

सगळा माळ गप्प झाला. मग...

"बन्सीऽऽ"

हाक फोनमधून आली नव्हती. विहिरीतून आली होती.

यशोधराताई ताडकन उठून वळल्या. त्यांनीही ऐकलं. आजही विचारा, त्या नाही म्हणणार नाहीत.

भर दुपारी विहिरीतून नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण बन्सीला आजवर घरातल्या कुठल्याच बायकोनं नावानं हाक मारली नव्हती. त्याला वाटलं असेल, वरची हीच बोलावतेय, एवढी हिंमत.

"ओ," तो गुरकावला.

आणि जागच्या जागी थबकला.

त्याच्या हातातलं लाकूड गळून पडलं. चेहऱ्यावरचा राग पुसल्यासारखा गेला. झोपेत चालावं तसा तो चढून आला. मावशीच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या सदऱ्याची बाही तिच्या मोडक्या हाताला लागली. त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही.

तिला त्याला धरता आलं असतं. उजवा हात धड होता.

तिनं तो पुढं केला नाही. मावशी हे आजही उघड सांगते.

तो काठावरून खाली गेला. पडल्याचा आवाज आला नाही. ओरडलाही नाही.

वैशाखात त्या विहिरीत गुडघाभर पाणी होतं. माणसं उतरली तेव्हा बन्सी तळाशी मांडी घालून बसलेला सापडला. मान खाली, तोंड पाण्यात. त्याचे दोन्ही हात कुणीतरी मागं धरावेत तसे पाठीशी गेलेले होते.

बनुबाईनं पंचांना सांगितलं, पाय घसरला. दुसरं काय सांगणार, तेवढंच तिला पाठ होतं.

यशोधराताईंनी त्याच दिवशी मावशीला आमच्या आजोळी पोचवलं. ती पुन्हा त्या गावात गेली नाही.

पुढं माधुरीताई तिला भेटायला आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "त्या बुधवारी तुमचा फोन मला लागला होता. मी सारखी हॅलो, हॅलो करत होते. तुमचा आवाज आलाच नाही. शेवटी दुसरीच कुणीतरी बाई बोलली."

"काय म्हनली?"

"म्हणाली, ताई, आता झोप लागंल."

मावशीलाही त्यानंतर झोप लागू लागली. आता ती आमच्याकडंच असते. तिच्याकडं साधा बटणांचा मोबाईल आहे, तो ती सहसा कुणाला लावत नाही.

इथं ही गोष्ट संपली असती, तर मी ती लिहायला घेतली नसती.

परवा माझी धाकटी बहीण सासरहून आली. अचानक, दुपारच्या गाडीनं. उकाड्यातही लांब बाह्यांचा ब्लाऊज. मावशीनं तिला जवळ बसवलं, बाही वर सरकवली आणि बघितलं. उशीखालचा मोबाईल काढला आणि कानाला लावला.

मी पाहिलं. तो बंद होता.

"तुझ्या मालकाचं नाव काय गं?" मावशीनं विचारलं.

मावशी त्या लग्नात पहिल्या रांगेत बसली होती. पत्रिकेवरचं नाव तिनं मला दोनदा वाचायला लावलं होतं. तिला ते चांगलं माहीत आहे.

आजच्या पोरी नवऱ्याला नावानंच हाक मारतात. बहिणीनं पटकन सांगून टाकलं.

"बरं," मावशी म्हणाली, आणि फोन उशीखाली ठेवून झोपली. गाढ.

तेव्हापासून बहिणीच्या सासरहून ना फोन, ना निरोप. तिकडं काय चाललंय ते एकदा विचारायला हवं. माझा हात फोनपर्यंत जातो आणि तिथंच थांबतो.