निर्धास्त उतरा

"उथळ पाणी. माणसं आहेत. थांबा," कानातलं यंत्र कुजबुजलं आणि केतकी खांबेटेने मान वर केली. कांड्या करकोच्यांचा थवा पाणथळावर घिरट्या घालत होता, पण उतरायचं नाव घेत नव्हता. माणसं म्हणजे बांधावर सतरंजी टाकून बसलेली ही दोघंच, ती आणि तिला लहानपणी पाखरं ओळखायला शिकवणारे वामनकाका पोंक्षे.

पाणथळ तसं आडबाजूला. पावसाळ्यात भरायचं, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडं पडायचं, आणि मधल्या थंडीत हिमालयापलीकडची पाखरं इथे मुक्कामाला यायची. शेवटचा रस्ता पायीच. दृष्टी अधू झालेले काका दगडधोंड्यांतून केतकीचा हात धरून आले होते. डोळ्यांचा पडदा झिजत चाललेला, डॉक्टरांनी हात टेकलेले. करकोच्याचा तो लालभडक डोळा एकदा जवळून बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

केतकीच्या प्रयोगशाळेने घडवलेला 'पक्षीदुभाष्या' आता जवळपास प्रत्येक पक्षीनिरीक्षकाच्या कानात असे; काका मात्र तो लावत नसत. पाखरांच्या हाका आणि त्यानंतर थवा काय करतो, यांचा मेळ घालून तो अर्थ सांगे. पण तो फक्त ऐकायचा. बोलणारा नमुना एकच, केतकीच्या खिशातला, आणि तो रानात वापरायला सक्त मनाई होती. नियम तिनेच लिहिलेला. खरं तर तो काकांचाच, ती परकरात होती तेव्हापासून त्यांनी घोकून घेतलेला: पाखराला बघायला जायचं, बोलवायचं नाही.

काकांनी दुर्बीण खाली ठेवली. जाऊ दे गं, म्हणाले, नशिबात नाही. केतकीला गलबलून आलं. आणि खोटं कशाला बोला, आपलं यंत्र बोलतं कसं हे बघायचीही तिला खुमखुमी होतीच. तिने थव्याच्या म्होरक्याचा आवाज निवडला आणि खिशातल्या खिशात कळ दाबली.

निर्धास्त उतरा.

करकोचे उतरले, तेही थेट बांधाखालच्या ओल्या चिखलात, हातभर अंतरावर. काकांनी तिचं मनगट घट्ट पकडलं.

"बघ केतकी, आपण होऊन आले. आपल्याला घाबरले नाहीत!"

तिने खिशातला हात तसाच खिशात ठेवला. तेवढ्यात बेशरमाच्या झुडपांमागून भटकी कुत्री तुटून पडली. थवा उधळला. यंदाच्याच विणीचं एक पिल्लू चिखलात पाय रुतून मागे राहिलं. केतकी ओरडत धावली, दगड भिरकावले. पण हातात आलं ते मान टाकलेलं राखाडी पिल्लू.

वर थवा थकून फिरत होता. म्होरक्या पाण्याच्या मधोमध, कुत्र्यांना पोचता येणार नाही अशा उंचवट्यावर एकटाच उतरला आणि हाका मारू लागला. यंत्र सांगत होतं, "निर्धास्त उतरा. निर्धास्त उतरा." हाक खरी होती, जागाही खरी होती. एकही करकोचा खाली येईना. वरून सगळे मिळून एकच कर्कश सूर काढत होते, आणि दुभाष्या पुन्हा पुन्हा म्हणत होता, "नवी हाक. अर्थ माहीत नाही."

केतकीला तो कळला होता. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. काकांच्या समोर उभं राहणंही तिला नकोसं झालं.

"काय म्हणतायत गं ते?" काकांनी विचारलं.

थकलेत म्हणतात, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. तिने खिशातलं यंत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"काका, ते आपण होऊन नव्हते आले. मी बोलावलं, त्यांच्या म्होरक्याच्या आवाजात. आता ते त्याला खोटारडा म्हणतायत."

काकांनी अंधुक डोळे आवाजाच्या दिशेने लावले. थवा हळूहळू कोरड्या माळाकडे वळला. म्होरक्या पाण्यात उभा राहून हाका मारतच राहिला.

"केतकी," काका म्हणाले, "आता त्याने काय बोलावं, म्हणजे त्यांना खरं वाटेल?"