परंतु, मी तटस्थ नाही

त्या दुपारी पदवी-पूर्तता विभागाची खिडकी बंद होती. समोरच्या लाकडी बाकावर, चहाचा कागदी पेला दोन्ही तळव्यांत धरून, एक अनोळखी तरुण बसला होता. बाहेर हिवाळ्यातली अवेळी झिमझिम चालू होती आणि जिन्यावरून उतरणारा उजेड ओल्या कापडासारखा जड झाला होता. मी त्याच्या शेजारी टेकले. रागावलेल्या माणसाला श्रोता लागतो. ओळख लागत नाही.

“उघडेल का हो ही खिडकी आज?” मी विचारले.

“चहा संपला की उघडेल.”

“म्हणजे तो ‘परंतु’ आत चहा ढोसत बसलाय तर!”

“परंतु?”

“नवे दिसता तुम्ही. आत जो तपासनीस बसतो ना, त्याला सगळे ‘परंतु’ म्हणतात. काहीही विचारा, ‘आपलं म्हणणं बरोबर आहे, परंतु…’ झोपेतसुद्धा म्हणत असेल, झोप आली आहे, परंतु…”

“बरीच ख्याती आहे की त्याची.”

“ख्याती कसली, दहशत आहे!”

त्याने उरलेला घोट संपवला, पेल्याची नीट घडी घातली, खिशातून किल्ली काढली आणि तो खिडकीशेजारच्या दाराने आत गेला. क्षणभराने काच वर सरकली.

“आपलं म्हणणं बरोबर आहे,” काचेपलीकडून तोच आवाज आला, “परंतु झोपेबद्दलची माहिती ऐकीव आहे.”

धरणी दुभंगावी म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. दुभंगली मात्र नाही. मी अर्ज पुढे सरकवला.

माझे दुखणे सरळ होते. आमच्या विद्यापीठात, विषय कोणताही असो, पदवीसाठी गणनेचा एक विषय उत्तीर्ण व्हावाच लागे. मी भाषेची विद्यार्थिनी. सांख्यिकी मी एकदा अर्ध्यावर सोडली होती आणि एकदा तिनेच मला सोडले होते. हे शेवटचे सत्र. दुसऱ्या गावातल्या एका शाळेने मला भाषेची शिक्षिका म्हणून निवडले होते, पण सत्र संपताच पदवी हातात हवी, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराकडे जाणार. मैत्रिणी म्हणाल्या, सूट माग. मी सूट मागितली.

त्याने अर्ज वाचला, आणि पहिल्यांदाच ‘परंतु’ न म्हणता माझ्याकडे पाहिले.

“सूट मिळाली, तरी तुम्ही अडकाल.”

“सूट मिळाल्यावर कसली अडकते?”

“सूट म्हणजे सुटका नव्हे. विषयाची अट जाते, पण त्याचे श्रेयांक कुणी फुकट देत नाही. तेवढी जागा रिकामी राहते आणि रिकाम्या जागेसह पदवी मिळत नाही.” मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, “तुम्हाला सूट नको आहे. बदली विषय हवा आहे. त्याच्या जागी उभा राहील असा, तुम्ही आधीच केलेला एखादा विषय. आहे का?”

“हौसेखातर केलेला एक जास्तीचा विषय आहे. पदवीत तो कुठेच धरलेला नाही. छंदशास्त्र.”

“छंद… म्हणजे चित्रं, तिकिटं वगैरे?”

“वृत्तं हो! कवितेची! लघु, गुरू, मात्रा!”

“आणि त्यात गणना असते?”

“त्यात गणनाच असते. म्हणून तर चाल सुचते.”

त्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलले. “हे समितीपुढे सिद्ध करावं लागेल. त्याआधी मला पटवावं लागेल. आणि मी कवितेच्या बाबतीत अगदी दगड आहे.”

“दगडावरच अक्षरं टिकतात,” मी म्हणाले. असे बोलून टाकल्यावर कान का तापतात, याचे उत्तर कोणत्याच शास्त्रात नसावे.

मग मी जात राहिले. कधी अभ्यासक्रमाची प्रत घेऊन, कधी उत्तरपत्रिका, कधी नुसतीच शंका. शंका संपत आल्या तेव्हा मी नव्या तयार केल्या. खिडकीच्या फळीवर तो माझ्यासमोर कागद ठेवी आणि मी त्यावर आखूड-लांब रेघा मारून त्याला दाखवी, की लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी बांधता येते. आणि त्या तऱ्हा मोजायचीही एक रीत असते. तो लक्ष देऊन ऐकायचा, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत पेन न उचलणाऱ्या माणसासारखा. त्याच्या नखाशी निळ्या शाईचा एक डाग कायम असे. मला वाटे, आकाश मोजायला गेला असेल आणि थोडे चिकटून आले असेल.

“‘परंतु’मध्ये मात्रा किती?” एकदा त्याने अगदी सरळ चेहऱ्याने विचारले.

“चार. आखूड, लांब, आखूड. मध्येच रेंगाळणारा आणि शेवटी पाऊल मागे घेणारा.”

“हे शब्दाबद्दल चाललंय ना?”

“अर्थात. दुसरं कशाबद्दल बोलणार?”

“नाही… विचारून ठेवलं.”

माझ्यामागे रांग होती, म्हणून त्या दिवशी आम्ही दोघेही फारसे हसलो नाही. न हसलेले हसू मात्र मी घरी घेऊन गेले आणि ते रात्रीच्या जेवणापर्यंत पुरले.

पुढच्या आठवड्यात ते घडले. अर्ज जवळजवळ तयार होता. फक्त आमच्या विभागप्रमुखांचे शिफारसपत्र बाकी होते. रांग जिन्यापर्यंत गेलेली. मागच्या टेबलावर अधीक्षक बाई, ज्यांच्या चष्म्याला सगळा विभाग वचकून असे, कसलेसे टिपण वाचत होत्या. त्याने माझे कागद टाचले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाला,

“आता तेवढं पत्र घेऊन उद्या ये ना तू.”

पेन थांबले. रांगेतले कुणीतरी खोकले, तो खोकला सर्दीचा नव्हता. अधीक्षक बाईंचा चष्मा टिपणावरून वर आला.

“या,” तो घाईने म्हणाला, “घेऊन या. तुम्ही.”

किती लहान शब्द! एक मात्रा इकडेतिकडे झाली, की ओळ कोसळते हे मी शिकले होते. एका शब्दाने ओळ उभीही राहते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हते. मी पायऱ्या उतरले त्या जणू कुणी माझ्यासाठीच नुकत्याच धुऊन ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पत्र घेऊन गेले, तर खिडकीत अधीक्षक बाई.

“तुमचा अर्ज आता माझ्याकडे आहे,” त्या म्हणाल्या. “त्यानं सोडलाय तो.”

“सोडला? का पण?”

“अर्ज तपासणारा तटस्थ असावा लागतो. काल संध्याकाळी माझ्यासमोर येऊन म्हणाला, या अर्जापुरता मी तटस्थ नाही. मी कारण विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आता मी सगळं पहिल्यापासून तपासणार. आणि आधीच सांगते, कवितेत गणित असतं हे मला अजून पटलेलं नाही. तुम्ही समितीपुढे स्वतः यायचं.”

तटस्थ नाही. म्हणजे माझ्या विरुद्ध? इतके दिवस रेघा बघून त्याचे मत झाले होते, की हे सगळे थोतांड आहे? आणि कालचे ते ‘तू’, ते काय होते मग? मोठी माणसे लहानांना म्हणतात तसे?

तो मला व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या नळाशी दिसला. बाटली भरून वाहत होती. त्याचे लक्ष नव्हते.

“माझ्या अर्जात काय खोट दिसली तुम्हाला?”

“अर्जात? काही नाही.”

“मग सोडलात कशासाठी?”

“ते… समितीचा निर्णय झाल्यावरच सांगता येईल. त्याआधी मी काही बोलणं योग्य नाही.”

“आज ‘परंतु’ नाही का?”

त्याने नळ बंद केला.

“परंतु… सांगायचं मात्र आहे,” तो म्हणाला, आणि ओली बाटली छातीशी धरून निघून गेला.

घरी मी ताटात नुसतीच बोटे फिरवत बसले. वहिनी तरणतलावावर पोहायला शिकवते. तिच्या नजरेतून बुडणारा माणूस सुटत नाही.

“काय झालं गं? तोंड असं पाण्यातून काढल्यासारखं का?”

मी सगळे सांगितले. दादाने वर्तमानपत्राआडून विचारले, “म्हणजे हा पोरगा आपल्या बाजूचा की विरुद्ध?”

“तुम्ही तुमचं वाचा हो,” वहिनी म्हणाली. “अगं वेडे, तटस्थ म्हणजे कोण? तटावर उभा असलेला. काठावर उभं राहून शिट्टी वाजवणं आमचंही काम आहे. पण कधी कधी शिट्टी वाजवणाराच पाय घसरून आत जातो. मग त्यानं मुकाट्यानं शिट्टी दुसऱ्याच्या हाती द्यायची असते. पाण्यात पडलाय तुझा तपासनीस!”

“माझा काय म्हणून?”

“बरं, विद्यापीठाचा!” आणि ती इतकी हसली, की दादाला वर्तमानपत्र खाली ठेवावे लागले.

मला हसू आले नाही. माझ्या बाजूने बोलू शकणारा एकमेव माणूस गप्प झाला होता, आणि आता शाळा, नोकरी, सगळे माझ्या एकटीच्या बोलण्यावर येऊन टेकले होते. मी त्या रेघा पुन्हा पहिल्यापासून मांडायला बसले.

समितीच्या खोलीत लांब टेबल होते आणि जाड पडद्यांना जुन्या कागदांचा वास होता. अधीक्षक बाई, आमचे विभागप्रमुख, आणि मधोमध गणिताचे सर. सरांनी माझी उत्तरपत्रिका चाळून बाजूला ठेवली.

“पाठांतर मला नको. सहा मात्रांच्या ओळी किती तऱ्हांनी होतील? आणि मोजून नाही, विचार करून सांग.”

मग त्या निळ्या डागाच्या बोटांसमोर मारलेल्या रेघा एकेक करून आठवत गेल्या.

“ओळीचा शेवट लघु असेल, तर त्याच्या आधी पाच मात्रा उरतात. गुरू असेल, तर चार. पाचांच्या तऱ्हा आठ, चारांच्या पाच. म्हणून तेरा. प्रत्येक ओळ तिच्या आधीच्या दोघींच्या खांद्यावर उभी असते, सर.”

सरांनी बाजूला ठेवलेली उत्तरपत्रिका पुन्हा जवळ ओढली. “हे मी वर्गात एवढ्या कमी शब्दांत कधी सांगू शकलेलो नाही,” ते म्हणाले. “माझी हरकत नाही.”

सगळ्यांच्या नजरा अधीक्षक बाईंकडे वळल्या. त्यांनी चष्मा पुसला. “बदली विषय मंजूर. मला पटलंय,” त्या म्हणाल्या, आणि मी दारापाशी पोचल्यावर, माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाल्या, “निर्णय झालेला आहे. आता कुणाला काही बोलायचं असेल तर नियमाची आडकाठी नाही.”

तो जिन्याखाली उभा होता. छत्री होती, उघडलेली नव्हती. झिमझिमीने केस कपाळाला चिकटले होते.

“मंजूर?” त्याने विचारले.

“मंजूर. रविवारी निघायचंय मला. शाळेत रुजू व्हायला.”

“रविवारी…” तो शब्द त्याने जपून खाली ठेवला. “मी शिफारस केली असती आणि हे झालं असतं, तर कुणीतरी म्हणालं असतं, ओळखीनं मिळालं. कधीतरी तुम्हालाही तसं वाटलं असतं. ते मला नको होतं. म्हणून गप्प राहिलो. फार जड गेलं.”

“आणि मला वाटलं, तुम्ही माझ्या विरुद्ध गेलात.”

“मी?” तो इतका चकित झाला, की मला त्याची दया आली. “मला तुम्ही आवडता. खिडकीत तुमचा आवाज आला नाही, की तो दिवस मोजलाच जात नाही. बस, एवढंच सांगायचं होतं.”

“यापुढे ‘परंतु’ काही?”

त्याने बराच विचार केला. तो खरोखरच विचार करत होता, हे बघून मला हसू फुटले.

“नाही,” तो म्हणाला. “यापुढे काही नाही.”

“मग उघड ती छत्री,” मी म्हणाले. “भिजतोयस किती!”

छत्री एकापुरतीच होती, म्हणून चालणे सावकाश होणार होते. फाटकाबाहेरच्या चौकात त्याचा रस्ता डावीकडे वळत होता, माझा उजवीकडे. आम्ही सरळ चालत राहिलो. त्या बाजूला आमच्यापैकी कुणाचेच घर नव्हते.