वार्षिकांकातलं नववं पान

"बाई, माझ्या ओव्या सावळीराममामांनी म्हटल्या का हो? आन् मी तर अजून हाय की..."

हा आवाज मी सोळा वर्षांपूर्वी ऐकला. हसरा होता.

अजून कानातून गेलेला नाही.

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. पुढे लिहिलंय ते माझ्यासोबत घडलंय. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत, नाशिकजवळच्या आमच्या कॉलेजच्या रेकॉर्ड रूममध्ये. भर दुपारी तीन वाजता.

आधी सोळा वर्षं मागे जाते.

मी तेव्हा मराठी शिकवायचे आणि कॉलेजच्या वार्षिकांकाची संपादक होते. माझी विद्यार्थिनी पल्लवी सुरगाण्याकडच्या पाड्यावरची. जात्यावरच्या आईच्या ओव्या तिने वहीत उतरवल्या होत्या. त्या छापायला घेतल्या, सोबत तिचा फोटो. आयुष्यात काढलेला तेवढा एकच.

त्याच वर्षी आमचे शिपाई सावळीराम वारले. त्यांचा फोटो श्रद्धांजलीच्या पानावर जायचा होता.

अंकाचे गठ्ठे आले. पल्लवी सोडायला मदत करत होती. पान उघडलं आणि ती खळखळून हसली.

तिच्या ओव्यांवर सावळीराममामा.

आणि नवव्या पानावर, काळ्या चौकटीत... पल्लवी. खाली नाव सावळीरामांचं.

"कुणाला सांगू नकोस गं," मी म्हटलं. "आपण दुरुस्ती चिकटवू."

आठव्या दिवशी घाटात जीप उलटली. पल्लवी गेली.

अंक वाटलेच नाहीत. ती दोन्ही पानं मी स्वतः ब्लेडने कापली आणि जाळली. तीनशे प्रती छापल्या होत्या. कापताना मोजल्या... दोनशे नव्व्याण्णव.

प्रेसवाल्याने एक कमी दिली असेल, असं मी धरून चालले.

तिची आई भिमाबाई दर दिवाळीनंतर यायची. "बाई, पोरीचा फोटो?"

"प्रेसवाल्याने हरवला हो, मावशी." दर वर्षी हेच. अंकात छापला होता, हे मी कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ती आली नाही. फोन आला.

"डोळं चाललं माझं, बाई. येकदा तोंड दाव तिचं. मग गेलं तरी चालंल डोळं."

त्याच सुट्टीत कॉलेजने सगळे जुने अंक स्कॅन करून जपायचे ठरवले. काम माझ्याकडे. स्कॅन झालं की जुना ढीग सोमवारी रद्दीत.

मी स्कॅनिंग बाजूला ठेवून ती तीनशेवी प्रत शोधू लागले. कपाटं, पोती, माळा. तीन दिवस. नखांत धूळ, घशात धूळ. प्रत्येक अंक उघडायचा, नववं पान बघायचं. प्रत्येकात ब्लेडची तीच सरळ कड.

"मॅडम, सोनं पुरलंय का इथं?" क्लार्क दिनेशने विचारलं. "अर्धं-अर्धं करू."

मला हसू आलं नाही. रविवार होता. शेवटचा दिवस.

दिनेश चहा आणायला गेला. मी हरले होते. कापलेलाच एक अंक मशीनवर ठेवला. आठवं पान. मग कापलेली कड. मग थेट अकरावं.

मशीन घरघरत होतं.

तेवढ्यात लाईट गेली. मशीनचा दिवा विझला.

घरघर थांबली नाही...

कान दिला. आवाज मशीनचा नव्हताच. दगडावर दगड फिरत होता. हळू. ओढून ओढून. आणि त्यावर, गुणगुणल्यासारखं...

*नागली दळीते गं, जातं करी घरघर,*
*माय माझी डोंगरात, माझा सूर वाऱ्यावर...*

ही ओवी मी जाळली होती.

"मॅडम, लाईट नाही, मग मशीन कसं चालू?"

दारात दिनेश. म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं.

आवाज तिथेच तुटला.

लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. यादीत आठवं पान. अकरावं पान. आणि मध्ये...

नववं.

मी उघडलं. काळी चौकट. दोन वेण्या. पल्लवी.

फक्त कपाळावर एक गडद ठिपका होता. आणि फोटोभोवती पाकळ्यांसारखे डाग... गोल. गळ्यात घातल्यासारखे.

"काच मळलीये," दिनेश म्हणाला. त्याने रुमालाने काच पुसली. लाईट आल्यावर आम्ही तोच अंक पुन्हा स्कॅन केला. नववं पान आलं नाही. आधीच्या फाईलची मात्र प्रिंट निघाली. डाग तसेच.

ती फाईल त्यानंतर कधी उघडली नाही. दिनेश आता त्या खोलीत एकटा जात नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. भिमाबाई ओट्यावर बसली होती. जातं भिंतीला उलटं टेकवलेलं.

तिने कागद डोळ्यांजवळ नेला.

मला राहवलं नाही. "मावशी, फोटो हरवला नव्हता. छापला होता. मेलेल्यांच्या पानावर. छपाईआधीचा कागद माझ्याकडे तपासायला आला होता. मी न बघता सही केली. चूक माझी. मी सोळा वर्षं खोटं बोलले."

भिमाबाईचं बोट त्या ठिपक्यावर फिरत होतं. मग पाकळ्यांवरून.

"ह्यो कागद तुमच्याकं कसा आला, बाई?"

"म्हणजे?"

"ह्यो तं म्या तिच्यासंगं मातीत घातला व्हता."

मी तिच्याशेजारी ओट्यावर बसले.

"पोरीनं बुक घरी आणलं व्हतं. ओव्या वाचून दावल्या. मंग ती पाण्याला गेली, आन् म्या पानं उलटली. मला कुठं वाचाया येतं? फोटो दिसला. काळी चौकट लय शोभेची वाटली. वाटलं, पोरीला बक्षीस भेटलं..."

तिने कागद छातीशी धरला.

"कुणाला बोलले नाय आजवर. कुकू लावलं म्या तिला. आन् झेंडूचा हार... हार म्याच घातला, बाई. जित्या पोरीच्या फोटोला."