डेटातली सवत

चहाचं आधण ठेवलं की हेमांगी आधी फ्रीजशेजारचा डेटामापक बघायची. इंटरनेटची महिन्याची मर्यादा किती उरली आणि घरात ती कोणी किती खाल्ली, हे त्यावर नावानिशी दिसे. हेमांगीचं नाव तळाला, नवऱ्याचं, श्रीकरचं, जरा वर आणि सगळ्यात वर उज्ज्वला. ती जाऊन सात वर्षं झाली होती.

उज्ज्वला ही श्रीकरची पहिली बायको. तिचे व्हिडिओ, निरोप, फोनवरचं बोलणं यांतून एका कंपनीने तिचं स्मृतिरूप घडवलं होतं. मागच्या खोलीत ती खुर्चीवर बसलेली दिसे, बोले, रुसेसुद्धा. जेवण झालं की श्रीकर तिकडे. हेमांगी नुसती जळफळायची. जिवंत सवतीशी निदान कडाकडा भांडता तरी येतं.

मर्यादा संपली की स्मृतिरूप पुसट होतं, हे कळलं आणि तिने कंबर कसली. घरातला प्रत्येक पडदा दिवसभर चालू राहू लागला. कुणी बघत नसलेल्या मालिका, त्याही अगदी स्वच्छ चित्रात. एवढं काय बघतेस, असं श्रीकरने एकदा विचारलं. वेळ जात नाही, असं ती म्हणाली आणि ते खोटंही नव्हतं.

महिना सरत आला तसा मापक लाल झाला. त्या संध्याकाळी श्रीकर खोलीत गेला आणि हेमांगी दाराला कान लावून उभी राहिली. आत सामसूम असेल, असं तिला वाटलं होतं. पण श्रीकर खळखळून हसत होता आणि उज्ज्वला चक्क हेमांगीच्या आवाजात बोलत होती.

तिने तडक कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने समजावलं, की डेटा संपला की रूप बाहेरून आवाज मागवत नाही. घरातल्या यंत्रांत रोजचा जो आवाज साठलेला असतो, तोच वापरतं. पहिल्या तारखेला मूळ आवाज परत येईल, काळजी नको.

श्रीकर बाहेर आला तो खुशीत. "आज उज्ज्वला किती जवळची वाटली म्हणून सांगू."

"आवाज वेगळा नाही वाटला?"

"छे. तिचाच तर होता."

चार वर्षं हाच आवाज त्याला जेवायला हाक मारत होता. हेमांगीला संताप आलाच, पण तो हसला होता, तिच्या आवाजाशी इतका मोकळा पहिल्यांदाच हसला होता, हेही खरं होतं.

पहिल्या तारखेला मापक पुन्हा भरला. हेमांगी रिमोट हातात घेऊन बसून राहिली. पडदे बंद ठेवून त्याला उज्ज्वलाकडे जाऊ द्यायचं, की सगळे लावून स्वतःचीच सवत व्हायचं?